सोंग कीं साक्ष?

भाताची कापणी संपून खळीं उरकलीं, कीं पुष्कळ खेड्यांत नाटकाच्या गोष्टी सुरू होतात. संध्याकाळीं चावडीवर चार माणसें जमतात. कोणी वहींतून आपलीं भाषणें उतरून घेतो, कोणी पेटीवाल्याकडे खेप घालतो, कोणी पडद्यासाठीं वर्गणी मागत घरोघर फिरतो. ह्याच सुमारास मंडळींतील कित्येक घरांत मात्र वाद उत्पन्न होतो. वडील माणसें म्हणतात, "नाटक म्हणजे सोंग, आणि सोंग म्हणजे लबाडी. असल्या गोष्टींपासून आपण दूर असावें हेंच बरें." तरुण म्हणतात, "सारा गांव एके ठिकाणीं बसतो. मग आपणच तेवढे दार लावून कां निजावें?" उपदेशकास दोन्ही बाजूंनीं विचारण्यांत येतें, आणि त्यास एकाचें मन राखतां दुसऱ्याचें मोडावें लागतें.

प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या पोटांत एक मोठा प्रश्न आहे. गांवानें मिळून केलेल्या सोंगांत गांवाचें कांहीं खरें हित असतें काय? आणि असल्यास तें कोणत्या अटीवर? ह्याचा शांतपणें विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम वडिलांच्या आक्षेपाकडे पाहूं. सोंग आणि लबाडी हीं एक नव्हेत. लबाडींत एकास खरें ठाऊक असतें व दुसऱ्यापासून तें लपविलेलें असतें. सावकार जेव्हां अडाणी कुळाचा अंगठा भलत्याच कागदावर घेतो, तेव्हां ती लबाडी होय. नाटकांत असें नसतें. राजा झालेला मनुष्य आपल्याच आळींतला शिंपी आहे, हें पुढें बसलेल्या शेंबड्या पोरासही ठाऊक असतें. कोणी कोणास फसवीत नाहीं. उलट दोन्ही पक्षांनीं मिळून कांहीं वेळ एक गोष्ट मानून घेतलेली असते. नाथान संदेष्ट्यानें दावीद राजास गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली, ती घडलेली नव्हती. परंतु तीच ऐकून राजास आपलें घडलेलें पाप दिसलें. सरळ आरोप केला असता तर त्याच्या मनानें कदाचित् दार लावून घेतलें असतें. गोष्टीला मात्र तें उघडलें. तेव्हां कल्पिलेली गोष्ट सत्याच्या कामीं येऊं शकते, ह्याविषयीं आपणांस तरी शंका नसावी.

आतां गांवाच्या नाटकांत हित कोणतें, तें पाहूं. पुष्कळांस वाटतें कीं, रात्रभर लोकांची करमणूक झाली, हेंच तें हित. करमणूक वाईट नव्हे. वर्षभर चिखलांत राबणाऱ्या मनुष्यास एक रात्र हंसण्याचा हक्क आहे. परंतु खरें हित प्रयोगाच्या रात्रीं नसून त्याआधींच्या महिना दीड महिन्यांत असतें, असें मला वाटतें. तालमीला वेळेवर यावें लागतें. दुसऱ्याचें भाषण संपेपर्यंत गप्प उभें राहावें लागतें. ज्याच्याशीं बांधावरून भांडण आहे, त्याच्याच भावाची भूमिका करावी लागते. ज्यास अक्षर येत नाहीं, तो दुसऱ्याकडून वाचून घेऊन पाठ करितो, आणि वाचून देणाऱ्यास त्या निमित्तानें त्याच्या ओसरीवर बसावें लागतें. कंदील, सतरंजी, लुगडें, तरवार हीं दहा घरांतून मागून आणावीं लागतात व शाबूत परत करावीं लागतात. एरवीं ज्या गोष्टी उपदेश करूनही गांवास शिकवितां येत नाहींत, त्या येथें काम करतां करतां अंगवळणीं पडतात.

आपल्या देशांत ह्याचें मोठें उदाहरण म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडील झाडीपट्टी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया ह्या जिल्ह्यांतील धानाच्या मुलखास हें नांव आहे. तेथें धान घरांत आलें, कीं दिवाळीपासून होळीपर्यंत गांवोगांव नाटकें होतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट, आणि रात्रीं मांडवांत नाटक, अशी तेथील रीत. लेकी माहेरीं येतात, दूरचे सोयरे पाहुणे होतात, आणि त्या गर्दींत कित्येक मुलामुलींचीं लग्नेंही जुळतात. पूर्वीं गांवचींच माणसें दंडार व नाटकें करीत. आतां वडसा येथें नाटकमंडळ्यांचीं ठाणीं झालीं आहेत व गांवें त्यांस बोलावून आणतात. तरी मांडव, तिकिटें, पाहुण्यांची उठाबस आणि नफातोटा हीं अद्याप गांवाच्याच अंगावर असतात. ह्या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे ह्यांस २०२३ सालीं भारत सरकारनें पद्मश्री दिली. जंगलाच्या कडेच्या खेड्यांतील मांडवास असा मान मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे.

येथपर्यंत तरुणांची बाजू बळकट दिसते. परंतु येथेंच थांबलें तर आपण अर्धेंच सत्य पाहिलें असें होईल. गांव मिळून जें काम करितो, तें गांवास एकजीव करितें, हें खरें. पण एकजीव झालेला गांव मिळून अन्यायही करूं शकतो. ह्याची साक्ष पाहण्यासाठीं वाचकांनीं माझ्याबरोबर क्षणभर दूरच्या देशीं यावें. तेथील नाटक आपल्या प्रभूच्या दुःखसहनाविषयींच आहे, म्हणून ती गोष्ट आपणांस अधिक जवळची आहे.

जर्मनी देशाच्या बव्हेरिया प्रांतांत डोंगराच्या पायथ्याशीं ओबेरामरगाऊ नांवाचा गांव आहे. लाकडावर कोरीव काम करणें हा तेथील जुना धंदा. तीस वर्षांचें युद्ध चालू असतां १६३३ सालीं तेथें मरी शिरली आणि घरोघर माणसें मरूं लागलीं. तेव्हां गांवकऱ्यांनीं नवस केला कीं, हें संकट टळलें तर आम्ही दर दहा वर्षांनीं ख्रिस्ताच्या दुःखसहनाचें नाटक करूं. त्यानंतर मरीनें कोणी मेलें नाहीं, अशी तेथील परंपरा सांगते. १६३४ सालीं पहिला प्रयोग झाला, तो गांवच्या स्मशानांत, मेलेल्यांच्या थडग्यांवर. तेव्हांपासून जवळजवळ चारशें वर्षें त्या लोकांनीं आपल्या वाडवडिलांचा शब्द पाळिला आहे. १७७० सालीं राजाज्ञेनें तें बंद पडलें, पुढें युद्धांमुळें खंड पडला, आणि २०२० सालचा प्रयोग करोनाच्या सांथीमुळें २०२२ सालीं करावा लागला. मरीपासून सुटल्याबद्दल केलेलें नाटक दुसऱ्या सांथीनें दोन वर्षें थांबवावें, हें त्या लोकांस किती जाणवलें असेल!

त्या गांवाची वस्ती सुमारें पांच हजार. २०२२ सालीं त्यांतील अठराशेंहून अधिक माणसें, त्यांत पुष्कळ मुलें, नाटकांत होतीं. जो तेथें जन्मला किंवा वीस वर्षें राहिला, त्यासच त्यांत भाग मिळतो. आदल्या वर्षीं राखेच्या बुधवारापासून पुरुष केंस व दाढी वाढवूं लागतात, म्हणून नाटकाच्या वर्षीं हॉटेलवाला, सुतार, शाळामास्तर, सारेच प्राचीन काळच्या माणसांसारखे दिसतात. प्रयोग पांच तासांचा असतो. जगभरांतून लाखों लोक तो पाहण्यास येतात. गांवाच्या नाटकाचें ह्याहून मोठें यश कोणतें दाखवावें?

परंतु वाचकहो, ह्याच नाटकानें पुष्कळ वर्षें एक मोठें पाप आपल्या पदरीं बांधून घेतलें होतें. त्यांत यहूदी लोक एकजात क्रूर व लोभी दाखविले जात. याजकांच्या डोक्यावर शिंगांसारख्या टोप्या घालीत, म्हणजे पाहणाऱ्यांस सैतानाची आठवण व्हावी. सगळा जमाव प्रभूच्या रक्ताचा दोष आपणांवर व आपल्या मुलाबाळांवर ओढून घेतो, तो प्रसंग असा रंगवीत कीं, पिढ्यान् पिढ्या सारी यहूदी जातच दोषी आहे, असें लोकांच्या मनांत ठसावें. प्रभु स्वतः यहूदी, त्याची आई यहूदी, त्याचे प्रेषित यहूदी, हें मात्र पाहणाऱ्यांच्या ध्यानांतून निघून जाई. १९३४ सालीं नाटकास तीनशें वर्षें झालीं म्हणून विशेष प्रयोग झाले. त्या वेळीं हिटलर स्वतः तें पाहावयास आला होता, आणि पुढें १९४२ सालीं यहूद्यांविषयीं तिटकारा उत्पन्न करण्याच्या कामीं ह्या नाटकाचा उपयोग आहे, म्हणून त्यानें त्याची वाखाणणी केली. त्या काळांत त्याच्या राज्यानें सुमारें साठ लाख यहूदी ठार मारिले.

ह्या हत्येचें सारें कारण एक नाटक होतें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु कोणी गरीब, भाविक, कष्टाळू गांव नवस पाळीत असतां आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देत राहूं शकतो, आणि ती साक्ष मोठ्या वाईटाच्या कामीं येऊं शकते, हें त्यावरून दिसतें. नवव्या आज्ञेचा भंग न्यायाधीशापुढेंच होतो असें नाहीं. तो रंगभूमीवरही होतो. तेथें तर तो अधिक घातक. कारण कोर्टांतील साक्षीदारास उलट प्रश्न विचारितां येतात, आणि मांडवांत हजारों माणसें एकदम हंसत किंवा रडत असतां कोण उठून विचारणार?

तरी गोष्ट येथें संपत नाहीं, आणि तिचा पुढचा भाग आपणांस अधिक शिकविणारा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर यहूदी संस्थांनीं व पुष्कळ ख्रिस्ती विद्वानांनीं नाटकाच्या संहितेवर हरकत घेतली. १९६५ सालीं रोमन कॅथलिक पंथाच्या व्हॅटिकन परिषदेनें असें ठरविलें कीं, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या वेळच्या किंवा आजच्या सर्व यहूद्यांवर ठेवितां येत नाहीं. गांव मात्र लवकर बदलला नाहीं. आमच्या आजोबांनीं म्हटलेली वाक्यें आम्हीं कां सोडावीं, असें पुष्कळांस वाटे. ह्यावरून गांवांत तट पडले, सभा झाल्या, मतें घेतलीं गेलीं. शेवटीं १९९० सालापासून ख्रिस्तियान स्टुक्ल ह्या गांवच्याच तरुणाकडे दिग्दर्शन आलें, आणि त्यानें दर दहा वर्षांनीं थोडें थोडें करून नाटक पालटलें. शिंगांच्या टोप्या गेल्या. २००० सालीं रक्ताच्या दोषाचें तें वाक्यही गेलें. प्रभु यहूदी गुरु म्हणून दिसूं लागला, हिब्रू भाषेंत प्रार्थना होऊं लागली, मुख्य नटांस इस्राएल देशीं नेऊन तेथील लोकांशीं भेटविण्यांत आलें.

नाटकांत कोणास घ्यावें, हाही वाद तितकाच मोठा होता. विवाहित किंवा पस्तीस वर्षांवरील स्त्रियांस त्यांत पूर्वीं भाग नसे. कांहीं स्त्रियांनीं न्यायालयांत दाद मागितली, आणि १९९० सालीं त्यांस तो मिळाला. पुढें इतर धर्मांच्या गांवकऱ्यांसही वाट मोकळी झाली. २०२२ सालीं यहूदा इस्कर्योताचें काम करणाऱ्या दोघांपैकीं एक जण तुर्की वंशाच्या मुसलमान घराण्यांतील तरुण होता, आणि नायब दिग्दर्शकही तशाच घरचा होता. तीनशें नव्वद वर्षांच्या जुन्या नवसास ह्यानें बाध आला काय? मला तर वाटतें, नवस आतां कुठें नीट फेडला जाऊं लागला.

ह्यांत एक मर्म आहे. गांवाच्या हातून चूक झाली ती नाटकानें, आणि ती दुरुस्त झाली तीही नाटकानेंच. शहरांतून आणलेला खेळ असता, तर लोकांनीं तो पाहून टाळ्या दिल्या असत्या किंवा नांवें ठेविलीं असतीं, आणि घरीं गेले असते. नाटक त्यांचें स्वतःचें होतें, म्हणून त्याच्या प्रत्येक वाक्याबद्दल त्यांस जाब द्यावा लागला. जें वाक्य आपल्याच मुलाच्या तोंडीं आहे, तें खरें आहे कीं खोटें, हा प्रश्न बापास टाळितां येत नाहीं. गांवच्या नाटकाचें सर्वांत मोठें मोल मी ह्यांतच मानतों. तें गांवास आपण काय बोलतों, तें ऐकावयास लावितें.

आतां आपल्या खेड्यांत परत येऊं. येथें यहूदी नाहींत. पण ज्याच्यावर हंसावें असा शेजारी प्रत्येक गांवास सांपडतो. कोठें तो महारमांगांच्या वस्तींतला असतो, कोठें पारधी असतो, कोठें तोतरा किंवा लंगडा असतो, कोठें सासरीं न नांदलेली बाई असते. आणि कोठें बाटगा म्हणून आपणच असतों. नकल करणारा पात्र त्याची बोली काढितो, मांडव हंसतो, आणि तो गरीब सर्वांत मागें बसून आपणही हंसल्यासारखें करितो. ज्यानें असें हंसें गिळिलें आहे, त्यास ओबेरामरगाऊची गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाहीं. ज्याची निंदा होते त्यास भाषणच नसतें, हेंच अशा नाटकाचें खरें पाप.

महाराष्ट्रांत ह्याविषयीं एक जुनी आठवण आहे. ज्योतीराव फुले ह्यांनीं १८५५ सालीं "तृतीय रत्न" नांवाचें नाटक लिहिलें. ग्रहांची भीति घालून एक जोशी गर्भार कुणबिणीस व तिच्या नवऱ्यास कसा नाडतो, हें त्यांत दाखविलें आहे. एक पाद्री साहेबही त्यांत येऊन बोलतो. आणि शेवटीं तें जोडपें रात्रीच्या शाळेंत शिकावयास निघतें. दक्षिणा प्राइज कमिटीनें तें पसंत केलें नाहीं, आणि तें छापून निघण्यास १९७९ साल उजाडलें. नाडलेल्या कुणब्यास नाटकांत तोंड फुटलें. पण तें ऐकण्यास मांडव मिळाला नाहीं. पुढें सत्यशोधकांनीं आणि त्यांच्या मागून आंबेडकरांच्या अनुयायांनीं जलसे काढिले, ते ह्याच कारणानें. ज्यांस दुसऱ्यांच्या ओट्यावर जागा नव्हती, त्यांनीं डफ घेऊन आपल्या वस्तींत स्वतःचा ओटा उभा केला, आणि जें आजवर त्यांच्याविषयीं दुसरे बोलत, तें ते स्वतः बोलूं लागले.

एक आक्षेप राहिला, आणि तो खरा आहे. नाटकापायीं कर्ज होतें, दारू चालते, जागरणानें कामाचा खोळंबा होतो, तरुण पोरांस नटवेपणाची चटक लागते. हें सर्व होतें, हें मी नाकारीत नाहीं. परंतु लग्नांतही कर्ज होतें व बाजारांतही दारू मिळते. म्हणून आपण लग्न किंवा बाजार सोडीत नाहीं, तर त्यांस शिस्त लावितों. ज्या नाटकास उधारीचा पडदा व दारूची वर्गणी लागते, तें नाटक गांवाचें राहिलें नाहीं, तें चार गुंडांचें झालें. तेथें जाऊं नये, आणि कां जात नाहीं तें उघड सांगावें. केवळ आपली शुद्धता राखण्यासाठीं मुकाट्यानें दार लावून निजणें मात्र मला पुरेसें वाटत नाहीं. आपण ज्या मांडवांत नसतों, तेथें आपल्याविषयीं, आणि आपल्याहून दुबळ्यांविषयीं, काय बोललें जातें, तें सुधारण्यास कोणी उरत नाहीं.

तेव्हां उपदेशकबंधूंनीं आपल्या गांवांतील नाटकाविषयीं विचारणा झाली असतां एकदम होय किंवा नाहीं म्हणूं नये. तालमीस जाऊन एक वेळ बसावें आणि तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, ओट्यावर कोणास जागा आहे व कोणास नाहीं. दुसरी, जो गैरहजर आहे किंवा ज्यास बोलतां येत नाहीं, त्याच्याविषयीं जें म्हटलें जात आहे तें खरें आहे काय. तिसरी, प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशीं काय उरणार. कर्ज आणि भांडण, कीं पूर्वीं ज्यांचें येणेंजाणें नव्हतें त्यांची ओळख. पहिल्या दोहोंत दोष दिसल्यास तालमींतच, गोड शब्दांनीं पण न भितां, तो बोलून दाखवावा. एक वाक्य बदलून मागावें. मागच्या वस्तींतील एका मुलास भूमिका मागावी. कदाचित् लोक ऐकणार नाहींत. ओबेरामरगाऊच्या लोकांसही ऐकावयास फार वर्षें लागलीं.

आणि नाताळांत आपल्या मंडळीची मुलें गोठ्याचा व मेंढपाळांचा प्रसंग करितात, तेव्हांही हेंच माप लावावें. मरीयेचें काम दर वर्षीं मास्तरांच्याच मुलीस कां मिळतें? हेरोद झालेल्या मुलास आपण कोणाची बोली बोलावयास लावितों? शेजारच्या वस्तींतील मुलें कुडाबाहेर उभीं राहून पाहतात, त्यांस मेंढपाळ होतां येईल काय? मेंढपाळ किती असावे ह्याची संख्या शुभवर्तमानांत दिलेली नाहीं. तेव्हां आणखी चार घोंगड्या मागून आणिल्या, तर कोणाची हरकत असावी?